ध्वनिमुद्रिकेचें दुकान

महागाई किती वाढली हें ठरविण्यासाठीं इंग्लंडांतील सरकारी सांख्यिकी खातें दरवर्षीं एक यादी तयार करीत असतें. सामान्य कुटुंब बाजारांतून काय काय विकत घेतें त्याचे नमुने या यादींत असतात. आणि लोकांच्या राहणींत जसजसा पालट होतो तसतशीं कांहीं नांवें तींतून गळतात व कांहीं नवीं शिरतात. १९९२ सालीं या यादींतून ग्रामोफोनची तबकडी गळाली. जी वस्तु कोणी घेत नाहीं तिच्या किंमतीची चौकशी तरी कोणीं करावी? परंतु २०२४ च्या मार्च महिन्यांत त्याच खात्यानें तबकडीचें नांव यादींत पुन्हां दाखल केलें. एखाद्याचें श्राद्ध घालून, मंडळी जेवून उठावीं आणि तों तो गृहस्थच दारांत उभा राहावा, त्यांतला हा प्रकार झाला.

या पुनर्जन्माकडे पाहून कोणी हंसतात, कोणी भारावून जातात. हंसणारे म्हणतात, ही पैसेवाल्यांची हौस आहे. भारावणारे म्हणतात, जुन्या तबकडीच्या आवाजाची गोडी नव्या यंत्राला यावयाची नाहीं. प्रस्तुत लेखकाला या वादांत शिरावयाचें नाहीं. ध्वनिमुद्रणाच्या यंत्राचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे, आणि ज्यांचा आवाज त्या यंत्रानें धरून ठेवला त्या गवयांचीं चरित्रेंहि आपल्याकडे थोडींथोडकीं नाहींत. पण गवई आणि श्रोता या दोघांच्या मध्यें, गल्ल्यामागें, जो एक तिसरा मनुष्य उभा होता त्या दुकानदाराची कथा सहसा कोणी सांगत नाहीं. तबकडी परत आली खरी. तिच्याबरोबर तिचें दुकानहि परत आलें काय, आणि दुकान परत येणें म्हणजे नेमकें काय परत येणें, एवढाच प्रश्न येथें विचारावयाचा आहे.

गाणें ही दुकानांत ठेवण्याजोगी वस्तु झाली याला अजून दीडशें वर्षेंहि झालीं नाहींत. १८७७ सालीं एडिसननें फोनोग्राफ काढला. त्याचा आवाज नळकांड्यावर उमटे, आणि आरंभीं एका नळकांड्यावरून दुसरें काढण्याची सोपी रीत नव्हती. पुष्कळ प्रती हव्या असल्या तर गवयानें यंत्रांच्या रांगेपुढें उभें राहून तेंच गाणें पुनः पुनः म्हणावें लागे. १८८७ सालीं एमिल बर्लिनर यानें नळकांड्याऐवजीं सपाट तबकडीची कल्पना पुढें आणली. तबकडीवरून धातूचा ठसा घेतां येतो आणि त्या ठशानें दाबून पाहिजे तितक्या प्रती काढतां येतात. छापखान्यानें पोथीचें जें केलें तेंच या ठशानें गाण्याचें केलें. गाण्याला आतां वजन आलें, किंमत आली, साठा आला. आणि साठा आला म्हणजे दुकान आलेंच. वेल्समधील कार्डिफ शहरीं १८९४ सालीं निघालेलें स्पिलर्स हें दुकान जगांतील सर्वांत जुनें ध्वनिमुद्रिकांचें दुकान म्हणून ओळखलें जातें. जागा बदलून कां होईना, पण तें अद्याप चालू आहे.

आपल्या देशांत हा व्यापार १९०२ सालीं उतरला. त्या वर्षाच्या अखेरीस लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग हा तंत्रज्ञ आपलें यंत्र घेऊन कलकत्त्यास आला आणि तेथें त्यानें गौहरजान हिचें गाणें मेणाच्या चकतीवर उतरवून घेतलें. गाणें संपतांच गौहरजान इंग्रजींत आपलें नांव उच्चारते. तें ऐकून आज गंमत वाटते, पण त्यामागें व्यापारी गरज होती असें सांगतात. तबकड्या दाबल्या जात त्या जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं, आणि तेथल्या कारागिरांना कोणतें गाणें कोणाचें हें कळण्यास ती एक सोय होती. सहा वर्षांनीं, १९०८ मध्यें, कलकत्त्यासच कारखाना निघाला आणि माल येथल्या येथें तयार होऊं लागला. एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटें, एवढ्या अवकाशांत ख्याल कसा मावावा हा प्रश्न उस्तादांना पडला. आमच्या नाट्यपदांना मात्र ती मर्यादा फारशी जाचली नाहीं. नाटकगृहाची पायरी ज्यानें जन्मांत चढली नाहीं अशा खेडेगांवच्या मनुष्याला बालगंधर्वांचा आवाज ठाऊक झाला तो या तबकडीच्या कर्ण्यांतून.

या व्यापाराशीं आपला संबंध केवळ गिऱ्हाइकाचा नव्हता, ही गोष्ट मात्र आपण विसरून गेलों आहों. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडींत दगडाची बारीक पूड आणि काजळी असे, आणि या सर्वांना एकत्र बांधून ठेवणारा पदार्थ होता लाख. पळस, कुसुंब, बोर या झाडांच्या डहाळ्यांवर एक सूक्ष्म किडा जो राळेसारखा रस सोडतो, तीच ही लाख. आणि जगाला लागणारी बहुतेक लाख हिंदुस्थानांतून, विशेषतः छोटा नागपूरच्या रानांतून, जात असे. इटलींतल्या गवयाचें गाणें न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यांत वाजे, तेव्हां त्या तबकडींतील लाख आपल्याकडील आदिवासींनीं डहाळ्यांवरून खरवडलेली असण्याचा संभव फार मोठा होता. दुसऱ्या महायुद्धांत समुद्रमार्ग धोक्याचे झाले, लाख युद्धोपयोगी ठरली, आणि १९४२ च्या एप्रिलमध्यें अमेरिकन सरकारनें तबकड्यांसाठीं ती वापरण्यावर कडक निर्बंध घातले. तेव्हां घरोघरच्या जुन्या तबकड्या गोळा करून, त्यांचा चुरा करून, त्यांतून नव्या घडविण्याची पाळी आली. एका गाण्याचा भुगा करून त्यांतून दुसरें गाणें काढण्याचा हा प्रकार वाचकांनीं ध्यानांत ठेवावा; पुढें त्याची आठवण होईल.

आरंभीं तबकडीला स्वतःचें घर नव्हतें. वाद्यें, सायकली, घड्याळें विकणाऱ्याच्या फळीवर ती आश्रितासारखी पडून असे. पुढें तिला स्वतंत्र आणि ऐटबाज घरें मिळूं लागलीं. २० जुलै १९२१ रोजीं लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर ३६३ क्रमांकाच्या इमारतींत ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चें दुकान उघडलें, त्याच्या उद्घाटनाला इंग्लंडचे अग्रगण्य संगीतकार सर एडवर्ड एल्गार आले होते. या मानाला तसें कारणहि होतें. तबकडीचा व्यापार इतर व्यापारांहून निराळा आहे. पुस्तक उभ्या-उभ्या चाळतां येतें, कापडाचा पोत बोटांना कळतो. तबकडी डोळ्यांना कांहींच सांगत नाहीं. काळी, वाटोळी, एकीसारखी दुसरी! ती विकावयाची तर वाजवून दाखविली पाहिजे. यासाठीं दुकानांतून कांचेच्या लहान लहान खोल्या आल्या. गिऱ्हाइकानें आंत बसून तबकडी ऐकावी, आवडली तर घ्यावी, न आवडली तर आभार मानून निघून जावें. आणि दुकानदाराला स्वतःला गाणें कळावें लागे. ‘ज्याच्या आरंभीं सारंगी आहे तें पद,’ किंवा गुणगुणून दाखविलेली, तीहि निम्मी बेसूर, अशी एखादी ओळ, एवढ्या खुणेवर त्यानें नेमकी तबकडी काढून दिली पाहिजे. सराफाला सोनें पारखावें लागतें. याला सोनें आणि गिऱ्हाइकाचा कान असें दोन्ही पारखावें लागे.

अशा जाणत्या दुकानदाराच्या हातून काय घडूं शकतें याचा एक दाखला प्रसिद्धच आहे. इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरीं ब्रायन एप्स्टाइन नांवाचा तरुण आपल्या कुटुंबाच्या दुकानांत तबकड्यांचा विभाग पाहत असे. गिऱ्हाइकानें मागितलेली तबकडी कितीहि अनोळखी असो, ती मिळवून द्यावयाचीच, असा त्याचा बाणा होता. १९६१ सालीं जर्मनींत निघालेल्या एका तबकडीची मागणी त्याच्या दुकानीं येऊं लागली. शोध करतां तींत साथ करणारी तरुण मंडळी त्याच गांवची, आणि दुकानापासून चार पावलांवरच्या एका तळघरांत गात असलेली निघाली. पुढल्या वर्षीं एप्स्टाइन त्यांच्या गाण्याचे नमुने घेऊन लंडनला हिंडला. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या वर सांगितलेल्या दुकानींच त्यानें त्या नमुन्यांच्या तबकड्या कापून घेतल्या, आणि तेथल्या कारागिरानें घातलेल्या शब्दापासून जी साखळी सुरू झाली तिच्या टोकाशीं जॉर्ज मार्टिन या निर्मात्याची गांठ पडली. बीटल्स या मंडळीची कीर्ति जगभर झाली. तिच्या मुळाशीं दोन दुकानें आणि एका गिऱ्हाइकी मागणीचा केलेला आदर आहे, ही गोष्ट मात्र कीर्तीच्या गलबल्यांत बाजूला पडते.

१९४८ हें वर्ष या कथेंत दोन कारणांनीं महत्त्वाचें आहे. त्या वर्षाच्या जून महिन्यांत अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणारी, बारीक चरांची लांब तबकडी बाजारांत आणली. ती लाखेऐवजीं विनायल या रासायनिक पदार्थाची होती. पडली तर फुटत नसे, वाजतांना खरखर कमी करी, आणि तिच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणें मावे. आपल्या लाखेचें एक मोठें गिऱ्हाइक येथून पुढें हातचें जाऊं लागलें. आपल्या ख्यालाला मात्र तबकडीवर प्रथमच श्वास घेण्यास जागा झाली. जुन्या गतीच्या तबकड्या हिंदुस्थानांत १९६० नंतरहि कांहीं वर्षें निघत राहिल्या, पण भविष्य कोणाचें हें ठरून गेलें होतें. त्याच १९४८ सालीं मुंबईंत काळा घोडा येथें ‘ऱ्हिदम हाउस’ हें दुकान निघालें. मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांनीं आपला कान येथें घडविला असें म्हणण्यास हरकत नाहीं. ऐकण्याच्या खोल्या, फळ्यांवर शेजारीं शेजारीं नांदणारें नाट्यसंगीत, ख्याल, चित्रपटगीतें आणि पाश्चात्य वाद्यवृंद, आणि मागितलेल्या तबकडीबरोबर न मागितलेली एक पुढें करणारे नोकर, ही या दुकानाची खरी मिळकत होती.

पुढला काळ साधनांच्या पालटाचा आहे. १९६३ सालीं हॉलंडच्या फिलिप्स कंपनीनें कॅसेट काढली. १९८० नंतर ती आपल्या देशांत महापुरासारखी पसरली. तबकडीपेक्षां किंमत थोडी, वाजविण्याचें यंत्र स्वस्त, आणि घरच्या घरीं नक्कल करण्याची सोय. त्यामुळें गाण्याचें दुकान आतां पदपथावर, एस्. टी.च्या स्थानकावर आणि जत्रेंतल्या पालांत आलें. चोरट्या नकलांनीं मोठ्या कंपन्या बेजार झाल्या हें खरें. पण ज्या कोळीगीतांना, भारुडांना, भीमगीतांना मोठ्या कंपन्यांच्या याद्यांत क्वचितच स्थान मिळे, त्यांना याच कॅसेटनें बाजार दाखविला, हेंहि तितकेंच खरें. १९८२ सालीं जपानांत सीडी निघाली, आणि कांहीं वर्षांतच मोठ्या दुकानांतून तबकडीच्या फळ्या उतरल्या. तथापि येथवर जें जें बदललें तें तें साधन बदललें. कॅसेट असो वा सीडी, ती दुकानांत ठेवावी लागे, हातांत घ्यावी लागे, आणि दुकानदार आपल्या जागीं होता.

त्याची जागा हलली ती त्यानंतर. १९९९ सालीं इंटरनेटवरून गाणीं फुकट देण्याघेण्याची ‘नॅप्स्टर’ ही सोय निघाली. २००३ मध्यें अ‍ॅपल कंपनी एकेक गाणें तारेवरून विकूं लागली. आणि आणखी कांहीं वर्षांत तर महिन्याची वर्गणी भरून कोट्यवधि गाणीं ऐकण्याची रीत पडली. आतां विकण्यासारखी वस्तूच उरली नाहीं. १९६० सालीं कॅलिफोर्नियांत सुरू झालेली ‘टॉवर रेकॉर्ड्स’ ही जगड्व्याळ पेढी २००६ मध्यें आपल्या देशांतलीं सर्व दुकानें बंद करून बसली. इंग्लंडांत ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या दुकानांची कंपनी २०१३ मध्यें आणि पुन्हां २०१८ च्या अखेरीस नादारीच्या दारांत उभी राहिली. आपल्याकडे ऱ्हिदम हाउसनें २०१६ च्या फेब्रुवारीअखेर आपलीं दारें लावलीं. अडुसष्ट वर्षांचें तें दुकान बंद होतांना जे शेवटची खरेदी करण्यास गेले, त्यांतल्या कित्येकांनीं त्यापूर्वींच्या पांच वर्षांत तेथें एक पैहि खर्च केली नसेल. शोक करणें स्वस्त असतें. गिऱ्हाइक होणें महाग पडतें.

पण याच पडझडीच्या ऐन मध्यावर उलट वारे वाहूं लागले होते. २००७ मध्यें अमेरिकेंतील कांहीं स्वतंत्र दुकानदारांनीं एकत्र येऊन वर्षांतून एक दिवस आपल्या दुकानांचा सण म्हणून पाळण्याचें ठरविलें, आणि १९ एप्रिल २००८ रोजीं पहिला ‘रेकॉर्ड स्टोअर डे’ साजरा झाला. त्या दिवसासाठीं म्हणून मुद्दाम दाबलेल्या तबकड्या दुकानांतच मिळत; घेणाऱ्यांच्या रांगा पहांटेपासून लागूं लागल्या. २००६ सालीं अमेरिकेंत वर्षाला दहा लाखहि नव्या तबकड्या खपत नव्हत्या. २०२२ सालीं तेथें सुमारें ४ कोटि १० लाख तबकड्या खपल्या आणि सीडी सुमारें ३ कोटि ३० लाख; संख्येनें तबकडीनें सीडीला मागें टाकल्याची गोष्ट १९८७ नंतर प्रथमच घडली. ‘टॉवर’ची अमेरिकेंतील शाखा बुडाली, परंतु तींतून आधींच वेगळी झालेली जपानची शाखा तगली, आणि तोक्योच्या शिबुया भागांतील तिचें बहुमजली दुकान प्रवाशांचें तीर्थस्थान होऊन बसलें. १९८९ मध्यें तबकड्या दाबणें सोडून दिलेल्या सोनी कंपनीनें २०१८ मध्यें तें काम पुन्हां हातीं घेतलें. चेकोस्लोव्हाकियांत १९५१ पासून तबकड्या दाबणारा, आणि मंदीच्या काळांतहि आपलीं जुनीं यंत्रें भंगारांत न घालणारा लोदेनित्से येथला कारखाना जगांतील सर्वांत मोठ्या कारखान्यांत गणला जाऊं लागला. लंडनला एल्गारच्या हस्तें उघडलेली ती इमारत २०१९ मध्यें बंद पडली होती. २०२३ च्या नोव्हेंबरांत तेथें तेंच दुकान पुन्हां थाटलें गेलें. मुंबईंतहि अलीकडे तबकड्या दाबण्याचें काम नव्यानें सुरू झालें आहे.

येथवर वाचून कोणाहि रसिकाला आनंदच होईल. परंतु आज असें दुकान चालविणाऱ्याचा जमाखर्च पाहिला म्हणजे या आनंदाला थोडी मुरड पडते. घाऊक व्यापाऱ्याकडून आणलेली नवी तबकडी बहुधा परत करतां येत नाहीं. खपली तर बेताचा नफा, न खपली तर ती दुकानदाराच्या गळ्यांत. दुकानाचें भाडें मात्र तबकडी खपो वा न खपो, महिन्याच्या महिन्याला द्यावेंच लागतें. मालाचा पुरवठाहि नाजूक धाग्यावर लोंबकळत असतो. मूळ ठशासाठीं लागणाऱ्या लाखी लेपाच्या चकत्या जगांत दोनच ठिकाणीं होत असत. त्यांतला कॅलिफोर्नियांतील कारखाना २०२० च्या फेब्रुवारींत जळून खाक झाला आणि साऱ्या धंद्याची भिस्त जपानांतल्या एका कारखान्यावर येऊन पडली. अशा स्थितींत दुकानदारानें काय करावें? जें हमखास खपेल तेंच तो मागवितो. एखाद्या लोकप्रिय गायिकेची एकच तबकडी निळी, गुलाबी, पारदर्शक अशा चार रंगांत येते, आणि भक्त मंडळी चारहि घेऊन जातात. अमेरिकेंतील ल्युमिनेट या संस्थेच्या पाहणींत तर असें दिसून आलें कीं, तबकडी घेणाऱ्यांपैकीं निम्म्यांच्याच घरीं ती वाजविण्याचें यंत्र आहे! बाकीचे ती भिंतीवर लावतात, किंवा नुसती जवळ बाळगतात. यांत गुन्हा कांहीं नाहीं. देव्हाऱ्यांतली पोथी तरी रोज कोण वाचतो? पण यावरून एवढें दिसतें कीं, परत आली ती तबकडी. दुकानाविषयींचा आपला प्रश्न अजून उभाच आहे.

त्याचें उत्तर मला एका गोव्याच्या गायिकेच्या तबकडीच्या कथेंत सांपडतें.

गोव्यांतील केरी गांवीं १८९२ मध्यें जन्मलेल्या आणि अल्लादियाखांसाहेबांच्या तालमींत तयार झालेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांना ध्वनिमुद्रणाची फारशी प्रीति नव्हती. त्यांच्या तबकड्या मोजक्याच निघाल्या. १९७७ सालीं अमेरिकेनें ‘व्हॉयेजर’ हीं दोन यानें अंतराळांत धाडण्याचें ठरविलें, तेव्हां त्यांच्याबरोबर पृथ्वीवरील आवाजांची एक सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी पाठविण्याचें ठरलें. कार्ल सेगन यांच्या मंडळीनें गाणीं निवडतांना रॉबर्ट ब्राउन या संगीतज्ञानें केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी सुचविली. पण ती तबकडी बाजारांतून केव्हांच नाहींशी झाली होती. या मंडळींतील अ‍ॅन ड्रुयन यांनीं न्यूयॉर्कमधील नांवाजलेलीं दुकानें पालथीं घातलीं; कोठें दाद लागेना. शेवटीं ती सांपडली लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर, एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत्-उपकरणांच्या दुकानांत. एका मेजावर कापड टाकलेलें होतें, त्याच्याखालीं धुळीनें माखलेलें एक खोकें होतें, आणि त्या खोक्यांत या तबकडीच्या तीन न उघडलेल्या प्रती होत्या. ड्रुयन यांनीं तिन्ही घेतल्या. या बाईला तिन्ही कशाला हव्यात, याची मालक मंडळींत मोठी चर्चा झाली म्हणतात. ती साडेतीन मिनिटांची भैरवी ऑगस्ट आणि सप्टेंबर १९७७ मध्यें पृथ्वी सोडून गेली. दुसरें यान सुटल्यास अवघे अकरा दिवस झाले होते, तोंच, १६ सप्टेंबर रोजीं, केसरबाईंचें देहावसान झालें. पहिल्या क्रमांकाच्या यानानें २०१२ मध्यें सूर्याच्या प्रभावाची सीमा ओलांडली. तींतील भैरवी आतां ताऱ्यांच्या मधल्या पोकळींतून चालली आहे.

या कथेचें तात्पर्य लोक गायिकेच्या थोरवींत शोधतात, आणि तें योग्यच आहे. मला मात्र त्या मेजाखालच्या खोक्याचें स्मरण अधिक होतें. व्यवहाराच्या भाषेंत तो बुडालेला माल होता. कोणा हिशेबी कारकुनानें सांगितलें असतें, तीन तबकड्या इतकीं वर्षें पडून आहेत, जागा अडते, काढून टाका. त्या कुटुंबानें त्या काढल्या नाहींत. कदाचित् प्रेमानें, कदाचित् आळसानें, कदाचित् मायदेशाच्या आवाजाला केरांत घालण्याचा जीव न झाल्यानें. कारण कांहींहि असो, दुकानाचें खरें कार्य त्यांच्या हातून घडलें. जें आज विकलें जातें तें पोंचविण्यास शंभर वाटा आहेत. जें आज विकलें जात नाहीं तें उद्यांच्या एका गिऱ्हाइकासाठीं सांभाळून ठेवणें, हें काम दुकानानें करावें. चांगल्या पुस्तकविक्याची, चांगल्या वैद्याची आणि चांगल्या ध्वनिमुद्रिकाविक्याची ओळख त्याच्या मागच्या फळीवरून पटते.

यावर असा आक्षेप येईल कीं, आज तीच भैरवी घरबसल्या क्षणांत ऐकतां येते. मग खोक्याची थोरवी कशाला? आक्षेप खोटा नाहीं. ज्याच्या गांवीं दुकान कधींच नव्हतें अशा मुलाला आज अल्लादियाखांसाहेबांच्या साऱ्या शिष्यशाखेचें गाणें ऐकतां येतें, हा लाभ थोडा नव्हे, आणि तो नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु वर्गणीनें मिळणारें गाणें आपलें नसतें. तें भाड्यानें आणलेलें असतें. नील यंग या गायकाचें मतभेदावरून २०२२ च्या जानेवारींत ‘स्पॉटिफाय’शीं बिनसलें, तेव्हां त्याचीं गाणीं तेथून उठलीं तीं २०२४ पर्यंत परतलीं नाहींत, ज्यांच्या कपाटांत त्याची तबकडी होती त्यांना या भांडणाची झळ लागली नाहीं. २००८ च्या जून महिन्यांत हॉलिवूडजवळील युनिव्हर्सलच्या आवारांत आग लागून मूळ ध्वनिफितींचें एक कोठार भस्मसात् झालें. अशा वेळीं जगाकडे उरतात त्या केवळ विकल्या गेलेल्या, इतस्ततः विखुरलेल्या प्रती. १९४२ च्या चुऱ्यांतून जीं गाणीं वांचलीं तींहि अशींच, कोणीतरी ‘ही देत नाहीं’ म्हणून कपाटांत ठेवून घेतलीं म्हणून वांचलीं.

आपल्याकडला अनुभव याहून निराळा नाहीं. आपल्या जुन्या गायनाचा जो आवाज आज उपलब्ध आहे त्याचा मोठा भाग मुंबईच्या चोर बाजारांत, रद्दीवाल्यांच्या ढिगांत आणि वाड्यांच्या माळ्यांवर तबकड्या धुंडाळीत फिरणाऱ्या छांदिष्टांनीं वांचविला आहे. अशाच मंडळींनीं १९९० सालीं मुंबईंत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था काढली, आणि जुन्या तबकड्यांच्या याद्या, तारखा, गाणाऱ्यांचीं नांवें नोंदण्याचें किचकट काम हौसेनें चालविलें. त्यांना कोणी दुकानदार म्हणणार नाहीं. पण मागच्या फळीचा धर्म त्यांनींच पाळला.

तेव्हां तबकडीबरोबर दुकान परत आलें काय, या प्रश्नाचें उत्तर दुकानदाराइतकेंच गिऱ्हाइकाच्या हातीं आहे असें मला वाटतें. ज्या दुकानांत फक्त हमखास खपणाऱ्या चार रंगांच्या तबकड्या आहेत तें भेटवस्तूंचें दुकान झालें. तेंहि सुखानें नांदो. पण ज्या दुकानांत एका कोपऱ्यांत वापरलेल्या तबकड्यांची धुळकट पेटी आहे, आणि ‘अमुक गायिकेचें कांहीं आहे काय?’ असें विचारल्यावर मालकाच्या डोळ्यांत चमक येते, तें दुकान खरोखर परत आलें. वाचकांनीं अशा दुकानांत जाऊन जें फळीवर नाहीं तें मागावें. मागणाऱ्याच्या आशेवरच न खपणारा माल टिकतो. आणि आजोबांचें घर रिकामें करतांना माळ्यावर तबकड्यांची चवड सांपडली, तर रद्दीवाल्याला हांक मारण्यापूर्वीं एकदां तिच्यावरचीं नांवें वाचून पाहावीं. लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवरच्या त्या कुटुंबालाहि आपल्या मेजाखालीं काय ठेवलें आहे हें ठाऊक नव्हतें.